हिलालचा आवाज कन्व्हर्ट झाला नाही

या पानावर लोक जे अनुभव लिहितात ते मी दुपारचं जेवण झालं की रोज वाचतो, आणि खरं सांगतो, हसतो. कुणाला वडाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीवर मागे कुणीतरी येऊन बसतं. मी उभा जन्म साक्री तालुक्यात लग्नं शूट केली. स्मशानाच्या कडेने किती वेळा घरी आलो असेन, पण कधी काही दिसलं नाही. उलट खांद्यावर वायरी, हातात हॅलोजन घेऊन आम्हीच अंधारातून यायचो, आणि आम्हाला बघून लोक पळायचे. तेव्हा मी असलं मानणारा माणूस नाही. आजही मानत नाही. पण एक गोष्ट माझ्याच घरात झाली आणि तिचा जाब मला कुणी देत नाही — म्हणून लिहितो.

मी चौथीपर्यंत शिकलो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर तुम्ही नीट करून वाचा. मजकूर चुकलेला नाही.

मी पिंपळनेरचा. आमच्या गावात व्हिडिओ कॅमेरा पहिल्यांदा मी आणला. दुसरा कुणी म्हणत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. कॅमेरा माझ्या खांद्यावर, आणि लाईट माझ्या धाकट्या भावाच्या हातात. त्याचं नाव हिलाल. आताच्या पोरांना हे समजायचं नाही — आता कॅमेऱ्यावरच बोटाएवढा दिवा असतो. तेव्हा हॅलोजन म्हणजे तापलेला तवा. तो एका हातात उंच धरायचा, दुसऱ्या खांद्यावर वायरचं भेंडोळं, आणि मी जिकडे वळेन तिकडे वळायचं. वायर संपली की हिलाल मागून माझा शर्ट ओढायचा. मी थांबायचो. नवरदेवाचा बाप समोरून "इकडे या, इकडे या" करत असला तरी थांबायचो. जिथवर वायर तिथवर लग्न.

आता यात एक गोष्ट ध्यानात घ्या. लाईटवाला कधीच कॅसेटमध्ये येत नाही. लोक हजार दिसतील, घोडा दिसेल, आचारी दिसेल, खरकट्यावरचा कुत्रा दिसेल. लाईट धरणारा दिसत नाही. पण हिलाल गप्प बसणारा नव्हता. माझ्या कानाशी उभा असायचा, कॅमेऱ्याचा माईक तिथेच, त्यामुळे त्याचं बोलणं कॅसेटमध्ये यायचं. "मावशी, मांगे सरका जराशी, नवरी देखू द्या!" "ओ पाव्हणा, लाडू मंग खा, आधी इकडे देखा!" लोक कॅसेट बघताना या बोलण्यावर हसायचे. काही लोक तक्रार करायचे. मी त्यांना सांगायचो, फुकट आहे ते, ठेवून घ्या.

हिलाल काविळीने गेला. तेव्हा त्याची पोरगी मोहिनी भिंतीला धरून चालत होती. त्याच्यानंतर मी लाईटला तीन-चार माणसं ठेवून बघितली. कुणाला शर्ट ओढता आला नाही. एकाने तर माझी पँट ओढली.

मोहिनी आमच्याच घरात मोठी झाली. नर्सिंग शिकली, जळगावला दवाखान्यात लागली. यंदा तिचं लग्न ठरलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती घरी आली होती. आमच्याकडे आखाजीला मेलेल्याच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर आंबा ठेवतात. हिलालची घागर भरून झाली आणि पोरगी मला म्हणाली,

"नाना, बाबा कसे बोलायचे हो?"

मी म्हटलं, "कसे म्हणजे? तोंडाने."

ती हसली नाही. म्हणाली, "आईला विचारलं तर आई म्हणते, तुझ्या नानांसारखे. पण तुमच्यासारखे म्हणजे कसे? माझ्याकडे त्यांचा फोटो आहे. एक लग्नातला, मुंडावळ्यांचा, तोंड अर्धं झाकलेलं. एक रेशन कार्डावरचा. आवाज नाही. सासरी जाताना मला तेवढा आवाज मोबाईलवर पाहिजे. दुसरं मी तुम्हाला काही मागत नाही."

मी छातीवर हात मारून सांगितलं, "अगं, तुझ्या बापाचा आवाज माझ्या कॉम्प्युटरात डबाभर भरून आहे. तू हळदीला येशील तेव्हा तुझ्या हातात देतो."

असं मी बोललो. आणि मी बोललो की करतो, हे पिंपळनेरात कुणालाही विचारा.

आता हा कॉम्प्युटर काय ते सांगतो. हिलाल गेल्यावर काही वर्षांनी मी तो घेतला. मागे जड पोट असलेला मॉनिटर, आत व्हिडिओ उतरवायचं एक कार्ड. त्या कार्डातून मी जुन्या कॅसेटी एकेक करून कॉम्प्युटरात उतरवल्या. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण कुठलं बटण काय करतं ते मला चित्रावरून पाठ आहे. पुढे कॅसेटींना बुरशी लागली, त्या फेकून दिल्या. म्हणजे जे काही राहिलं ते या डब्यातच. आणि डबा कित्येक वर्षं बंद. मोहिनी आखाजीला होती तेव्हा मी तो चालू करायला गेलो तर जळका वास आला नि बंद पडला. पोरीची सुट्टी संपली. ती जळगावला गेली, आणि मग साक्रीहून आणलेल्या माणसाने तो नीट केला. हा असा योग.

चालू झाल्यावर मी पहिली फाईल लावली. कासारेच्या एका लग्नाची. बॅंड वाजतोय, नवरदेव घोड्यावरून उतरतोय… आणि माझ्या कानाशी हिलाल — "भाऊ, घोडाना पाय सांभाय!"

माझ्या अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हे. इतक्या वर्षांनी भाऊ मला घोड्याच्या लाथेपासून सावध करत होता.

मागे काहीतरी खडखडलं. दारात माझी भावजय, हिलालची बायको सुमन, हातात तांदळाचं सूप घेऊन उभी. मी तिचा जेठ, थोरला दीर; आम्ही समोरासमोर बोलत नाही, ती माझ्यासमोर डोक्यावर पदर घेते, दाराच्या आतही येत नाही. सूप कलंडलं होतं, तांदूळ खाली सांडत होते. ती माझ्याशी नाही, दाराच्या चौकटीशी बोलली, "हाऊ त्यास्नाच आवाज शे."

हे मी मुद्दाम लिहितो. आवाज होता. मी ऐकला, तिने ऐकला.

मी बसून सगळ्या फाईली बघितल्या. हिलालचं बोलणं स्पष्ट येतं अशा मोजक्याच निघाल्या, बाकीच्यात बॅंडखाली दबलेला. शेवटी एक फाईल होती ती खुद्द मोहिनीच्या बारशाची. ती सगळ्यात चांगली. पूर्ण वाक्य, मोठ्याने. ती मी बाजूला ठेवली — गोड शेवटी खायचं असतं.

या जुन्या फाईली मोबाईलवर चालत नाहीत, नव्या कॉम्प्युटरवरही उघडत नाहीत. त्या जुन्या कार्डाच्या भाषेत लिहिलेल्या. त्या कन्व्हर्ट कराव्या लागतात, मग कापाकापी, मग मोबाईल. धुळ्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत किरणचं एडिटिंगचं दुकान आहे. तिशीतला माणूस, हुशार आहे, तोंडाने फाटका. मी कासारेच्या लग्नाची फाईल हार्ड डिस्कवर टाकून त्याच्याकडे नेली.

"नाना," तो म्हणाला, "ही फाईल म्हणजे मोडी लिपी झाली. तुमचा कॉम्प्युटर म्युझियमला देऊन टाका."

म्हटलं, "देतो. त्याच्या शेजारी तुला बसवतो, तिकिटं फाडायला."

त्याने कुठून तरी जुन्या कार्डाचं सॉफ्टवेअर शोधलं, फाईल कन्व्हर्टला लावली. चहा झाला. फाईल तयार झाली. चित्र झकास, जुन्यापेक्षा उजळ. बॅंड वाजला. नवरदेव घोड्यावरून उतरला. मी किरणचा हात धरला, म्हटलं आता ऐक.

काही नाही.

बॅंड चालू, बायांचा कलकलाट चालू, घोड्याचे घुंगरू चालू. हिलाल नाही. मधे खड्डाही नाही, की इथून काही काढलंय असं वाटावं. जसं तिथे कुणी बोललंच नव्हतं.

किरण म्हणाला, होतं असं. दोन बाजूंचा आवाज एकत्र करताना कधी कधी आवाज एकमेकाला खातात. त्याने वेगळ्या पद्धतीने केलं. तेच. मग तिसऱ्या पद्धतीने. तेच. म्हणाला, "नाना, तुमच्याकडे ओरिजिनल आहे ना? मग काळजी कसली. मी कॉपीवर काम करतोय, ओरिजिनलला हातसुद्धा लावलेला नाही."

मी घरी आलो, चपलेसकट कॉम्प्युटरपाशी बसलो, ओरिजिनल लावली.

बॅंड वाजला. नवरदेव उतरला. घोड्याने पाय झाडला.

हिलाल बोलला नाही.

मी ती फाईल किती वेळा लावली ते विचारू नका. सुमन दारात येऊन उभी राहिली, तिनेही ऐकलं, आणि आत निघून गेली. माझी बायको म्हणाली, "तुम्ही चुकून काही दाबलं असेल." मी तिला म्हटलं, मी चुकून काही दाबत नाही.

आता कुणी म्हणेल, म्हातारा आहे, भास झाला. मलाही तसंच म्हणणारे भेटले. म्हणून मी काय केलं — अख्खा कॉम्प्युटर उचलून धुळ्याला नेला. मॉनिटर घरी ठेवला, डबा धोतराच्या जुन्या पानात बांधला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर ओळखीचा. म्हणाला, "काय नाना, टीव्हीनं पोट लिसन कथा निंघनात?"

कुठे निघालो ते विचारत होता. म्हटलं, "भावाला डॉक्टरकडे नेतोय."

तो हसला. मी हसलो नाही.

किरणच्या दुकानात डबा त्याच्या मॉनिटरला जोडला. कॉपी नाही, काही नाही — सरळ माझ्या डब्यातून दुसरी फाईल लावली. सामोड्याचं लग्न, पंगत बसलीय. किरणने हेडफोन घातले. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. एकदम त्याच्या भुवया वर गेल्या आणि तो हसला.

"लाडू मंग खा म्हणतोय पाव्हण्याला," किरण म्हणाला. "हाच का तुमचा भाऊ? भारी माणूस दिसतोय राव."

मी विचारलं, "ऐकला ना तू?"

"ऐकला म्हणजे काय, कानातच ओरडला माझ्या."

हे वाक्य लक्षात ठेवा. किरण धुळ्याचा. हिलाल गेला तेव्हा हा शाळेत असेल. त्याने माझ्या भावाला कधी बघितलं नाही, ऐकलं नाही. आणि मी त्याला आधी सांगितलं नव्हतं की यात लाडवाचं बोलणं आहे.

मग त्याने डोकं चालवलं. म्हणाला, फाईल कन्व्हर्टच करायची नाही. जुन्या डब्याच्या पाठीमागून वायर काढू, नव्या कॉम्प्युटरात लावू, आणि इकडे वाजेल तसं तिकडे रेकॉर्ड करू. चोख अक्कल. केलं. इकडे वाजवलं — पंगत, वाढपी, भांडी… लाडवाची जागा आली आणि गेली. त्याच डब्यातून, त्याच फाईलमधून, आत्ता त्याच्या कानात ओरडलेला माणूस गप्प.

किरणने वायर काढली. पुन्हा वाजवली. नाही. हेडफोन घातले. नाही. डबा बंद करून चालू केला. नाही.

त्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, तिसरी लाव. मोबाईल समोर धर, वायर नको, काही नको, हवेतून रेकॉर्ड कर. तिसरी फाईल आमच्या गावच्याच एका साखरपुड्याची. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून समोर धरला. हिलालने मावशीला मागे सरकायला सांगितलंच नाही. मावशी मात्र सरकली. कॅसेटमध्ये ती बाई कॅमेऱ्याकडे बघते, हसते, पदर सावरून मागे होते — कुणीतरी सांगितल्यासारखी. सांगणारा नाही.

किरणने मोबाईल खाली ठेवला. "नाना, बंद करा हे."

"का?"

"मला नाही माहीत का. पण आपण जितक्या वेळा धरायला जातोय तितक्या वेळा एक जातोय. उरलेल्या राहू द्या. पोरीला म्हणा पिंपळनेरला ये, डब्यासमोर बस, आणि कानाने ऐक. मोबाईलमध्ये नसलं तर नसलं."

"मी तिला हातात देतो म्हणून बोललोय."

"मग बोललात ते मागे घ्या ना नाना! एवढं काय?"

"मी बोललेलं मागे घेत नाही."

"मग घालवा सगळा भाऊ!" तो ओरडला. आणि लगेच म्हणाला, "सॉरी नाना."

मी त्याला उरलेल्यातली अजून एक लावायला लावली. तो नाही म्हणत होता, मी लावायला लावली. मी चुकलो असं मी म्हणत नाही. एका वायरीने नाही जमलं तर दुसऱ्या वायरीने जमेल असं मला वाटलं — आयुष्यभर असंच जमवत आलो. ती पण गेली. त्यानंतरची पण गेली. जी होती ती किरणने ऐकली, मी ऐकली, आणि धरायला गेलो की गेली. संध्याकाळच्या गाडीने मी डबा मांडीवर घेऊन परत आलो तेव्हा त्यात एकच फाईल राहिली होती. बारशाची. ती मी किरणला दाखवलीसुद्धा नाही.

दहिवेलला चहासाठी गाडी थांबली, सगळे उतरले. मी डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

मोहिनीला फोनवर सांगितलं, तुझ्या हळदीला ऐकवतो. मोबाईलवर जमत नाही, इथेच ऐक. ती म्हणाली, "चालेल नाना. एकदा ऐकलं तरी पुरे. मी लक्षात ठेवीन."

एकदा ऐकलं तरी पुरे. बघा, पोरीचं मागणं किती लहान झालं होतं.

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव, केळीचे खांब, मागे वरण-बट्टीच्या जेवणासाठी गोवऱ्या पेटवलेल्या. माझी मोठी बहीण — सगळे तिला अक्का म्हणतात — सकाळीच बोराडीहून आली. घरातल्या बायांनी तिला सगळी हकिकत आधीच सांगितलेली. आली तीच माझ्यावर आली.

"तुम्हीन त्याले आवतन दिधं का?"

म्हटलं, "कुणाला?"

"हिलालले! बिगर आवतननं लगीनमा कोन येस? तू त्याले वायर लाई लाई बलावस. आपला भाऊ काय पाव्हणा शे का चोर शे, धरी आनाले?"

आमच्याकडे हळदीला बाया देवांना गाण्यातून आवतन देतात, आणि देवांच्या मागून घरातल्या मेलेल्यांना, नाव घेऊन. ते झाल्याशिवाय लग्नात मेलेल्या माणसाचं काही काढत नाहीत. मी हे मानत नाही. पण त्या दिवशी मी अक्काला उलट बोललो नाही. आता मला नवीन वायर सुचत नव्हती.

बाया बसल्या. अक्काने सुरुवात केली. गणपती झाला, कानबाई झाली, कुळदैवत झालं. मग आमचा बाप, आमची माय. मग हिलाल. अक्काचा आवाज आता फाटलाय, पण नाव तिने नीट घेतलं. मोहिनी पाटावर बसली होती, तोंडाला, हाताला हळद लागलेली. नाव आलं तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

डबा मी सकाळीच ओट्यावरच्या खोलीत मांडून, चालू करून ठेवला होता. मोहिनी ओल्या हळदीने तशीच आली, समोर खाली बसली. अक्का तिच्या शेजारी. सुमन दारात. खोलीत आम्ही चौघंच.

मी फाईल लावली.

बारशाचं सांगतो. तेव्हा आमच्याकडे लाईट गेलेली, भाड्याचं जनरेटर लावलेलं, त्याची घरघर. पाळणा आतल्या खोलीत, आणि वायर ओट्याच्या पुढे येत नव्हती. मी हिलालला म्हटलं होतं, आज तरी लाईट दुसऱ्याच्या हातात दे, तू पोरीपाशी जा. तो म्हणाला, दुसऱ्याला जमत नाही, पोरीच्या डोळ्यात मारील. म्हणून तो बाहेर ओट्यावर उभा राहून, दारातून, लांबून पाळण्यावर लाईट मारत होता. कॅसेटमध्ये पाळणा दिसतो, अक्का तेव्हाची तरणी, ती वाकून पोरीच्या कानात नाव सांगते. बाया कुर्र करतात. आणि मागून, ओट्यावरून, जनरेटरच्या वरून हिलाल ओरडतो —

"वायर पुराव नही, मी आठेच उभा शे! नाव जोरमा सांगा, माले ऐकू येत नही!"

ते आलं. मी सांगतो, आलं. खोली भरून आलं. अक्काचा हात तोंडावर गेला. सुमनने डोक्यावरचा पदर सोडला आणि ती दारातून आत आली, माझ्यासमोर, उघड्या डोक्याने — लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, "नाना… हाई तेच."

मोहिनी स्क्रीनकडे बघत होती. वाट बघत होती.

"कधी येतं?" ती म्हणाली.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो.

"नाना, आवाज मोठा करा ना. नुसतं जनरेटर ऐकू येतंय."

अक्का म्हणाली, "माय वं, उना ना आते. ऐकं नही का?"

"काय ऐकलं नाही? कुठे?"

ती चेष्टा करत नव्हती. तिचे कान चांगले आहेत — दवाखान्यात दिवसभर लोकांची छाती ऐकायचं तिचं काम आहे. मी फाईल मागे घेतली, आवाज पूर्ण वाढवला, पुन्हा लावली. जनरेटर. बाया. कुर्र. पाळणा हलला.

या वेळी आम्हालाही आलं नाही. मी पुन्हा लावली. अक्का मला म्हणाली, "ऱ्हाऊ दे, दौलत." पुन्हा लावली. नाही.

मोहिनी रडली नाही. हळद वाळून तिच्या तोंडाला भेगा पडल्या होत्या. तिने मला विचारलं, "काय म्हणाले ते?"

मग मीच सांगितलं. हिलालचा आवाज पातळ होता, माझा जाड, घसा बसलेला. तरी जसं तो ओरडला तसंच ओरडून सांगितलं, कारण हळू सांगितलं असतं तर ते त्याचं झालं नसतं. वायर पुराव नही, मी आठेच उभा शे. नाव जोरमा सांगा, माले ऐकू येत नही.

पोरगी उठली. स्क्रीनवर पाळणा थांबलेला होता, त्यावर तो पांढरा लाईटचा गोल. ती स्क्रीनकडे नाही, दाराकडे वळली. ओट्याकडे. आणि जोरात, मांडवातल्या बाया गाणं थांबवून बघायला लागल्या इतक्या जोरात ओरडली —

"मोहिनी!"

आणि थांबली. आम्ही सगळे थांबलो.

मांडवात कुणाचंतरी ताट पडलं, तेवढंच. ओट्यावर उन्हात हळदीची वाटी होती, माणूस नव्हता. तिने अजून एकदा नाव सांगितलं, या वेळी हळू. मग अक्काने तिला धरून अंघोळीला नेलं.

लग्न झालं. पोरगी जळगावला सासरी गेली. मोबाईलवर तिच्याकडे काही नाही. मी देतो म्हणालो होतो, दिलं नाही. माझ्या शब्दाचं हे पहिल्यांदा झालं.

किरणला मी फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नाना, माझ्या कानात तो अजून आहे. लाडू मंग खा. जशाचा तसा." मला राग आला. त्याच्यावर नाही… पण आला. परक्या माणसाच्या कानात माझा भाऊ आहे आणि त्याच्या पोरीच्या कानात नाही, हा कुठला न्याय? तो ज्याने ऐकायला नको होता त्याला ऐकू आला. फाईल जिला हात लावला नाही तीसुद्धा रिकामी झाली. आवतन दिलं तरी, न दिलं तरी. मी मानत नाही असल्या गोष्टींना, म्हणून मला कुणी मांत्रिक, बाबा सुचवू नका. यंत्रातलं समजणारा कुणी असेल तर त्याने सांगावं. किरणने चार जणांना विचारलं, चौघांनी चार गोष्टी सांगितल्या, एकही लागू पडत नाही.

डबा अजून ओट्यावरच्या खोलीत आहे. सुमन रोज त्याच्यावरची धूळ पुसते. ती आता माझ्याशी समोरासमोर बोलते, एवढं मात्र झालं.

मला दुसरं काही विचारायचं नाही. पोरीने नाव सांगितलं. त्याने मागितलं होतं तसं, जोरात सांगितलं. ते त्याला ऐकू गेलं का, एवढं कुणी मला सांगेल का?